बर्लिन : पायाखालचा इतिहास



गेल्या उन्हाळ्यात तीन दिवस बर्लिनमध्ये राहण्याचा योग आला. एवढ्यात एखादी राजधानी पाहून होत नाही, हे खरे. पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी जाणवली. बहुतेक राजधान्या आपले विजय उंच चौथऱ्यांवर मांडतात. बर्लिनलाही ब्रँडेनबर्ग गेटवर चार घोड्यांचा रथ आहे. मात्र या शहराने आपली पापेही लपवलेली नाहीत, आणि ती पाहायची तर मान वर करून नव्हे, खाली घालून चालावे लागते.

आपण मार्च १९९० मध्ये दहावीची परीक्षा दिली, तेव्हा आपल्या नकाशात दोन जर्मनी होत्या. सातच महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९९० रोजी, त्या एक झाल्या. त्याआधी ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पूर्व जर्मनीचे प्रवक्ते शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचून दाखवले. नियम कधीपासून लागू, असे विचारताच कागद चाळत ते ‘ताबडतोब’ म्हणाले. प्रत्यक्षात ते दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते. लोक नाक्यांवर लोटले आणि मध्यरात्रीच्या आधीच बोर्नहोल्मर श्ट्रासेचा नाका उघडावा लागला.

आज भिंत फारशी उरलेली नाही. जिथून ती जात होती, तिथे शहराच्या मध्यभागी रस्त्यात दगडांची दुहेरी रांग बसवली आहे. मोटारी, सायकली तिच्यावरून सहज जातात. बेर्नाउअर श्ट्रासेवर मात्र पाय थबकतात. तिथल्या इमारती पूर्व बर्लिनमध्ये होत्या, तर दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत. ऑगस्ट १९६१ मध्ये सीमा बंद झाल्यावर लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. काही वाचले, काही गेले. भिंतीपाशी एकूण किमान १४० माणसे मरण पावली. त्यांची छायाचित्रे तिथे लावली आहेत, आणि त्यांत लहान मुलेही आहेत.

दुसऱ्या दिवशी बेबेलप्लात्झ या चौकात गेलो. समोरच जुने विद्यापीठ. १० मे १९३३ च्या रात्री याच चौकात सुमारे २०,००० पुस्तके जाळली गेली. जाळणारे निरक्षर गुंड नव्हते. त्यांत विद्यार्थी पुढे होते आणि काही प्राध्यापकही हजर होते. इतिहासाच्या पुस्तकात आपण हिटलरच्या उदयाची कारणे मुद्देसूद पाठ केली होती. शिकलेली माणसे पुस्तके जाळतात, हे त्या मुद्द्यांत नव्हते. आज चौकाच्या फरसबंदीत एक काच बसवली आहे. वाकून पाहिले की खाली पांढरी खोली दिसते. तिच्या फडताळांत २०,००० पुस्तके मावतील, पण ती सगळी रिकामी आहेत. मिखा उलमान या इस्रायली शिल्पकाराने केलेले हे स्मारक.

याच विद्यापीठाची डॉक्टरेट आपल्या इरावती कर्वे यांनी मिळवली होती. आपण त्यांना ‘युगान्त’मुळे ओळखतो. त्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला आल्या आणि डाहलेम भागातील मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. गोऱ्या माणसांची कवटी इतरांहून वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, अशा कल्पनांना तिथे शास्त्राचा मान होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. परक्या देशातल्या एका तरुण विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध हे लिहिले! पुढे फिशर नाझींच्या वंशधोरणाचे समर्थक झाले, आणि आउश्वित्झच्या छळछावणीतून याच संस्थेकडे मृतांचे अवयव तपासायला येऊ लागले. त्या इमारतीवर आता हे सांगणारा फलक आहे. संशोधनाच्या परिणामांची जबाबदारी संशोधकांचीही असते, असा त्याचा आशय.

शेवटच्या दिवशी ग्रूनेवाल्ड स्टेशनवरच्या १७ नंबरच्या फलाटावर गेलो. १८ ऑक्टोबर १९४१ रोजी इथून ज्यूंना घेऊन पहिली गाडी सुटली. फलाटाच्या कडेने लोखंडी पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते ठिकाण. हे स्मारक जर्मन रेल्वेनेच उभारले आहे. रुळांमध्ये झाडे वाढू दिली आहेत, म्हणजे इथून पुन्हा कधी गाडी सुटायची नाही.

आकड्यांमागची नावे शहरभर सापडतात. घरांसमोरच्या फुटपाथवर दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले असतात. गुंटर डेमनिग या कलावंताचे हे काम. आता युरोपभर असे एक लाखाहून अधिक चौकोन आहेत. बहुतेकांची सुरुवात ‘इथे राहत होते’ अशी. मग नाव, जन्मसाल, कुठे नेले, कुठे मारले. वाचायला वाकावे लागते, म्हणजे आपोआपच मान लवते.

त्या पितळी चौकोनांची आणि आपली तुलना करायची नाही; ते दुःख फार वेगळे आणि फार मोठे. पण ‘इथे राहत होते’ हे शब्द माझ्याबरोबर गावी आले. पाचवीत आपल्या तुकडीत ५२ जण होतो. या स्मरणिकेच्या यादीत दहावीचे ३४ आहेत. उरलेले अठरा कुठे गेले? कोणी वीटभट्टीवर, कोणी ऊसतोडीला आईबापांबरोबर. सातवीनंतर चार मुलींची लग्ने झाली. नापास होऊन गळालेलेही आहेत. आपल्या आठवणींत खोड्या आहेत, सहली आहेत, सरांच्या छड्याही आहेत. हे अठरा मात्र नाहीत.

पाचवीचा हजेरीपट शाळेच्या कपाटात नक्की असेल. संपादक मंडळाला माझी विनंती आहे की पुढच्या स्नेहमेळाव्याची निमंत्रणे त्या हजेरीपटावरून पाठवावीत. आणि ज्यांचा पत्ता लागणार नाही, त्यांची नावे यादीत छापावीत. पुढे एवढेच लिहावे : इथे शिकत होते.