शिकागोच्या मुली आणि त्यांचा ‘गुन्हा’

पोरांना मोठ्यांच्या तुरुंगात डांबू नये, या साध्या मागणीतून १८९९ साली शिकागोत अमेरिकेतलं पहिलं बालन्यायालय उभं राहिलं. त्याचं कौतुक झालं ते रास्तच. पण मुलगे आणि मुली त्याच्या दारात एकाच कारणाने येत नव्हते. मूळ कायद्यात अपराधी म्हणजे कायदा मोडणारा, एवढंच होतं. आठ वर्षांच्या आत त्यात आईबापांना न जुमानणारी, न विचारता घर सोडणारी, वाईट संगतीतली मुलंही येऊन बसली. मुलग्यांसाठी वयाची हद्द सतरा ठरली, मुलींसाठी अठरा. (आपल्याकडेही १९८६च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत अल्पवयीन होती, हा फरक २००० साली गेला.) समाजसंशोधक सोफोनिस्बा ब्रेकिनरिज आणि एडिथ अ‍ॅबट यांनी या न्यायालयाची दप्तरं चाळून १९१२ साली पुस्तक काढलं. त्यानुसार साधारण निम्मे मुलगे चोरीपायी आले होते. ऐंशी टक्क्यांहून जास्त मुली मात्र शील धोक्यात आहे किंवा गेलंच आहे म्हणून. मुलींच्या मनातलं दुःख कागदावर येताना वर्तनाचा दोष झालं, ते इथेच. घरातून पळालेली मुलगी कशाला कंटाळून पळाली, यापेक्षा रात्र कुठे काढली हा प्रश्न मोठा ठरला. त्या काळच्या अमेरिकी बालन्यायालयांत मुलींची शारीरिक तपासणी पुरावा म्हणून चाले, आणि शरीर साक्षीला आलं की मनाची चौकशी करायचं कारणच उरत नसे.

यावर कोणी म्हणेल, या दुःखाला नैराश्य म्हणून आजचं निदान शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांवर कशाला लादता? आक्षेप वजनदार आहे. पौगंडावस्थेतलं नैराश्य वैद्यकात रीतसर मानलं गेलं ते बऱ्याच उशिरा. पण त्या पिढीला काहीच ठाऊक नव्हतं, असं म्हणता येत नाही. मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांच्या १९०४च्या ग्रंथात निराशेचा चढउतार वयानुसार मांडलेला आहे: अकराव्या वर्षी सुरुवात, पंधरापर्यंत झपाट्याने चढ, सतराव्या वर्षी टोक. न्यायालयात मुली येत त्याही नेमक्या याच वयात. शिवाय १९०९ पासून शिकागोतच न्यायालयात येणाऱ्या मुलांसाठी विल्यम हीली यांचं मानसिक चिकित्सालय चालू होतं, एथेल डमर यांच्या पैशावर. हीली मुलाला स्वतःची हकीकत स्वतःच्या तोंडून सांगू देत. चोरी आणि घर सोडणं यांच्या मुळाशी दडपलेला मानसिक संघर्ष असू शकतो, हे त्यांनी १९१७ साली पुस्तकरूपाने मांडलं. फक्त चिकित्सालयाचं काम सल्ल्याचं, निकाल न्यायालयाचा.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. शहर खरोखरच धोक्याचं होतं, मजुरी तुटपुंजी होती, आणि मुलींना फसवणारे होतेच. मग संरक्षण करायचं नाही तर काय? याच न्यायालयातल्या मेरी बार्टेल्म यांच्याकडे पाहिलं तर या बाजूचं बळ कळतं. १९१३ पासून त्या मुलींची प्रकरणं बंद दाराआड ऐकत. सुधारगृहाऐवजी छोट्या घरांत मुलींना ठेवण्याची सोय त्यांनी केली, आणि निघताना प्रत्येकीच्या हाती नव्या कपड्यांची सुटकेस दिली. हे मोठंच काम होतं. पण न्यायाधीशाच्या चांगुलपणावर उभी राहिलेली सोय न्यायाधीश बदलला की डगमगते, आणि कायद्याने हातात दिलेलं हत्यार तसंच राहतं. संरक्षण म्हणून कोंडलेल्या मुलीलाही दाराला कुलूपच दिसतं.

पुढे अमेरिकेच्या १९७४च्या केंद्रीय कायद्याने घर सोडणं, शाळा बुडवणं अशांसाठी कोठडी नको, असं सांगितलं. १९८० साली त्याला पळवाट मिळाली: न्यायालयाचा आदेश मोडला तर कोठडी चालेल. म्हणजे ‘घरीच राहा’ असा हुकूम द्यायचा, मुलगी पुन्हा पळाली की हुकूम मोडला म्हणून आत टाकायची. नव्वदच्या दशकात संशोधक लिंडा टेप्लिन यांच्या गटाने शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीच्या बालकोठडीतल्या १,८२९ जणांची तपासणी केली. मुलींपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराच्या निकषात बसत होत्या, आणि पाचातल्या एकीहून अधिक तीव्र नैराश्याच्या. कोठडीनेच ही उदासी आणली असेल, असं म्हणावं तर मुलाखती बहुतांशी दाखल झाल्यावर दोन दिवसांतच घेतल्या होत्या. आणि या निदानाला लक्षणं किमान दोन आठवड्यांची लागतात.