ग्राउंडहॉग, शेतकरी आणि दहा सेंट

दरवर्षी २ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या बातम्यांमध्ये एक गुबगुबीत प्राणी झळकतो. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात उंच हॅट घातलेली मंडळी त्याला सगळ्यांसमोर उचलून धरतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा अजून सहा आठवडे! हाच तो ग्राउंडहॉग, उर्फ वुडचक. १९९३ चा 'ग्राउंडहॉग डे' सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

पण शेतकऱ्याला विचाराल तर तो याचं इतकं कौतुक करणार नाही. हा खारीच्या कुळातला, तीन-चार किलोचा प्राणी. वाटाणा, घेवडा, कोबी, सोयाबीन, जनावरांचा चारा, जे कोवळं दिसेल ते फस्त करतो. त्याहून वाईट म्हणजे त्याची बिळं. घोड्याचा पाय अडकला की मोडलाच. यंत्राचं चाक गेलं तर तेही कामातून गेलं.

१८८३ साली न्यू हॅम्पशायर राज्याच्या विधिमंडळाने यावर चक्क एक वुडचक समिती नेमली. तिचा अहवाल आजही मजा म्हणून वाचला जातो. समितीच्या मते, गवत कापायचं यंत्र माणसासकट बिळात गडप झालं की हा प्राणी गालातल्या गालात हसतो! शेवटी ठरलं काय, तर मारलेल्या प्रत्येक वुडचकमागे दहा सेंट बक्षीस.

आता गंमत बघा. एवढे वुडचक आले कुठून? घनदाट जंगल त्यांना मानवत नाही. त्यांना लागतो जंगलाचा काठ आणि शेजारी मोकळं गवत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेरिनो मेंढ्यांच्या लोकरीसाठी न्यू इंग्लंडमध्ये जंगलं कापून कुरणं झाली. जोडीला लांडगे आणि इतर शिकारी प्राणीही मारले गेले. म्हणजे जेवण तयार आणि खाणारा शत्रू गायब. ज्याला आपण 'उपद्रवी' ठरवलं, त्याची भरभराट आपणच करून दिली होती.

पुढे शिकार हा छंदच झाला. १९३५ साली विंचेस्टरने बाजारात आणलेलं .२२० स्विफ्ट काडतूस आणि रायफलवरची दुर्बीण यांमुळे लांबून नेम धरणं सोपं झालं. शेतकरीही आनंदाने परवानगी देत. पण एक मारला की काही दिवसांत त्याच रिकाम्या बिळात दुसरा हजर. आमच्या भाषेत सांगायचं तर बग 'क्लोज' केला, पण मूळ कारण तसंच राहिलं.

आणि पंक्सटॉनी? १८८० च्या दशकात तिथली मंडळी ग्राउंडहॉगची शिकार करून मेजवानी झोडत. ज्या दशकात एका राज्यात डोक्यावर बक्षीस, त्याच दशकात दुसऱ्या राज्यात आधी ताटात आणि मग हारतुरे. प्राणी तोच!

शेतकऱ्याचं नुकसान खोटं नव्हतं, हे मात्र विसरू नये. आपल्याकडे विदर्भात रानडुकरं आणि रोही रात्रीतून उभं पीक झोपवतात, तेव्हा शहरात बसून 'बिचारे प्राणी' म्हणणं फार सोपं असतं. जागरण शेतकऱ्याचं असतं. पण नुसत्या बंदुकीने हिशोब मिटत नाही, हेही तितकंच खरं. न्यू हॅम्पशायरमध्ये पुढे शेतं ओस पडली, जंगल परत आलं. आज त्या राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग जंगल आहे. वुडचकची कुरणं गेली ती अशी. दहा सेंटांना जे जमलं नाही, ते झाडांनी केलं.

असो. पुढच्या २ फेब्रुवारीला तो फोटो दिसला, तर सावलीपेक्षा त्याच्या बिळाची आठवण काढा.