कंपवात-संशोधन आणि अर्थसाहाय्य : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी व सांगली जिल्ह्यातील शिराळा या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत खाजकुइलीचा वेल परिचित आहे. शेंगेवरील लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते. आयुर्वेदात हीच वनस्पती कपिकच्छू म्हणून ओळखली जाते. कंपवातावरील प्रमुख औषध असलेले लेव्होडोपा तिच्या बियांत आढळते. बी ते औषध या प्रवासास पैसा कोणी पुरविला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

बी ते औषध :

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. १९३७ मध्ये मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे केले. परंतु त्याचा कंपवाताशी असलेला संबंध तेव्हा अज्ञात होता. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे एहरिंगर व हॉर्निकेविच यांनी रुग्णांच्या मेंदूतील डोपामिनची कमतरता दाखविली. १९६७ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत कोट्झियास यांनी डोपाची मात्रा क्रमाने वाढवून गुण सिद्ध केला. ही प्रयोगशाळा अणुऊर्जा आयोगाच्या, म्हणजे सरकारी, निधीवर चालत होती. तात्कालिक लाभाची खात्री नसताना दिलेला पैसा येथे फळास आला.

मुंबईतील कार्य :

डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये खाजकुइलीच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये झंडूच्या 'एचपी-२००' या बीजचूर्णाच्या ६० रुग्णांवरील बहुकेंद्री चाचणीचा अहवाल आला. अर्थात, प्रमाणित चूर्ण व रानातील कच्चे बी यांत अंतर आहे. वैद्यकीय देखरेखीविना सेवन धोक्याचे होय. १९८८ मध्ये भरुचा व सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींतील घरोघर पाहणीतून दर लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण नोंदविले.

सातारा-सांगलीची परंपरा :

मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांचे रुग्णालय संस्थानची जमीन व अमेरिकी देणगी यांतून उभे राहिले. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. या दातृत्वाचा भर रुग्णसेवा व शिक्षण यांवर होता. याउलट सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ न्यास स्थापून रक्तकर्करोगाच्या संशोधनास निधी दिला. रोगाच्या कारणांच्या शोधासाठी दान देण्याचा हा आदर्श महाराष्ट्रातीलच आहे.

समारोप :

काही कीटकनाशके व तणनाशके यांच्याशी कंपवाताचा संबंध परदेशी अभ्यासांतून दिसून आला आहे. तासगावची द्राक्षबाग वा कृष्णाकाठचा ऊस यांत फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. मुंबईच्या पारशी समाजाचा आकडा त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. त्यासाठी गावपातळीवरील पाहणी हवी आणि तिला अनेक वर्षे टिकणारा निधी हवा. वैद्यकीय, कृषी व वनस्पतिशास्त्र विभागांनी संयुक्त प्रस्ताव सिद्ध केल्यास शासन, सहकारी संस्था व दानशूर व्यक्ती यांच्याकडे अर्थसाहाय्य मागता येईल. रुग्णालय बांधणाऱ्या या भूमीने संशोधनाचाही भार उचलावा, हेच या इतिहासाचे सूचन होय.