मातीचा वाटा

कुर्ल्यातल्या आमच्या बैठ्या घराच्या अंगणात कडुलिंब होता. अब्बा त्याच्या आळ्याशी बसून वजू करत. ते पाणी मुळांना जाई. पुढे, पावसाळ्यात चिखल नको म्हणून मीच बुंध्यापर्यंत फरशी बसवून घेतली. अब्बा एवढंच म्हणाले, "बेटा, आता यानं पाणी कुठून प्यायचं?" मी हसण्यावारी नेलं.

२६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या घरात छातीइतकं पाणी चढलं. तसल्या पावसापुढे कुठलीही माती हरली असती, हे खरंच. पण त्यानंतर मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांविषयी वाचताना मी एका आकड्यापाशी थबकलो. जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखल्या होत्या, आणि त्यातही वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब ०.५ धरला होता. म्हणजे निम्मा पाऊस माती पिईल, असा भरवसा होता. १९९३च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालानं ताशी ५० मिलिमीटर पाऊस गृहीत धरला आणि ०.५च्या जागी १ मांडला. मातीचा वाटा शून्य! अब्बांचा प्रश्न त्या हिशेबातच होता.

हा वाटा परत देता येतो. २ जुलै २०११ला कोपनहेगन शहरात दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. २०१२मध्ये शहरानं अतिवृष्टीचा आराखडा केला. टोसिंगे चौकातलं डांबर उखडून तिथे उताराची बाग केली. आसपासच्या छपरांवरचं पाणी तिथे येऊन मुरतं. नेदरलँड्समध्ये तर २०२०मध्ये ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅम यांनी फरश्या काढून रोपं लावण्याची शर्यतच लावली. पुढच्या वर्षी इतर गावंही तीत उतरली.

याचा फायदा उन्हाळ्यातही होतो. फरशी दिवसभर तापते आणि रात्री ती धग परत देते. ओली माती आणि पानं मात्र पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतात.

नुसती फरशी काढून मात्र भागत नाही. खालची माती वर्षानुवर्षं दबून दगड झालेली असते. ती खणून, त्यात शेणखत आणि पालापाचोळा कालवून तिला पुन्हा भुसभुशीत करावं लागतं. मग त्या जागी पाणी आणि ऊन दोन्ही सोसणारी झाडं लावायची.

अखेर एका मे महिन्यात मी पहार घेतली आणि कडुलिंबाभोवतालची फरशी काढली. पहिल्या पावसात आळ्यात पाणी साचलं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग हळूहळू आत गेलं. मी दारात उभा राहून बघत होतो. ते बघायला अब्बा नव्हते.