पगारी खेळाडूची प्रतिष्ठा

किल्लारीसारख्या गावी स्क्वॅश या खेळाचा इतिहास सांगावयास उभे राहणे काहीसे विचित्र दिसेल, याची मला जाणीव आहे. चार भिंतींच्या खोलीत दोघांनी आळीपाळीने रबरी चेंडू समोरच्या भिंतीवर मारावयाचा, हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही. परंतु या खेळाच्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्या परिचयाचा आहे. खेळावर ज्याचे पोट चालते, त्याची समाजात पायरी कोणती?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर जुने आहे. जत्रेच्या फडात जिंकलेल्या पैलवानाला इनाम मिळते, फेटा बांधला जातो, आणि पैसा घेतला म्हणून त्याला कोणी हलका मानीत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला. आपल्याच जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा त्यांची खुराकाची सोय कोणी केली हे विचारून कोणी नाक मुरडले नाही.

इंग्रजांची रीत निराळी होती. स्क्वॅशचा जन्म इंग्लंडातील हॅरो येथील श्रीमंतांच्या शाळेत, साधारण १८३० च्या सुमारास झाला. ज्या रॅकेट्स या खेळातून तो निघाला, तो मात्र लंडनच्या तुरुंगांत कर्जबुडव्या कैद्यांनी भिंतीवर चेंडू मारून रुजविलेला होता! सद्गृहस्थ खेळतो तो हौसेने, आणि पैसा घेऊन खेळतो तो नोकर, अशी तेथील वाटणी होती. लष्करी अंमलदारांबरोबर हा खेळ हिंदुस्थानात आला आणि ही वाटणीही आली. क्लबात साहेबाशी खेळून त्याचा सराव करून घेणाऱ्या, गुण मोजणाऱ्या माणसाला ‘मार्कर’ म्हणत. खेळात तो साहेबाहून पुष्कळदा सरस असे. परंतु क्लबात त्याचे स्थान नोकराचे, आणि हौशी खेळाडूंच्या स्पर्धा त्याला बंद.

अशा माणसांतूनच हाशिम खान पुढे आले. पेशावरजवळचे नवाकिल्ली हे त्यांचे गाव. वडील तेथील इंग्रज अंमलदारांच्या क्लबात नोकरीस होते. त्या वेळच्या स्क्वॅशच्या खोल्यांना छप्पर नसे. भिंतीवरून बाहेर उडालेले चेंडू आणून देणे हे मुलाचे काम. अंमलदार खेळून गेले, की तो रिकाम्या खोलीत अनवाणी खेळे. वडील लवकर वारले आणि शाळा सुटली. १९४२ साली विमानदलाच्या अंमलदारांना खेळ शिकविण्याची नोकरी त्यांना मिळाली. १९४४ साली मुंबईस अखिल हिंदुस्थानची स्पर्धा झाली, ती त्यांनी जिंकली, आणि पुढील दोन वर्षे ते पद राखले.

मुंबईत त्यांच्याकडून हरलेल्यांत अब्दुल बारी हे होते. फाळणीनंतर हाशिम पाकिस्तानचे झाले, बारी मुंबईचे राहिले. १९५० साली भारताच्या वतीने बारी लंडनच्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत उतरले. जगज्जेतेपदाइतकाच त्या स्पर्धेचा मान होता. बारी थेट अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि इजिप्तच्या महमूद करीम यांच्याकडून हरले. ही वार्ता पेशावरास पोहोचली, तेव्हा हाशिम यांनी सरळ हिशेब मांडला: ज्याला आपण अनेकदा हरविले तो जर तेथवर जातो, तर आपण का जाऊ नये? पाकिस्तानच्या विमानदलाने पाठबळ दिले. १९५१ च्या अंतिम सामन्यात त्यांनी करीम यांना ९-५, ९-०, ९-० असे हरविले. पुढे ही स्पर्धा त्यांनी एकूण सात वेळा जिंकली, आणि त्यांच्या मागून त्याच गावच्या घराण्यांनी ती दीर्घकाळ आपल्याकडे राखली.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. पेशावरच्या यशाची पहिली ठिणगी मुंबईच्या पगारी खेळाडूने पाडली होती. परंतु हाशिम यांचे नाव त्यांच्या देशात घरोघर गेले, बारी यांचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. एका राष्ट्राने क्लबातील नोकराच्या मुलाला आपला प्रतिनिधी मानले. आपण मार्करला मार्करच राहू दिले, असे म्हटले तर ते कठोर होईल, पण अगदी खोटे होणार नाही.

हौशी आणि पगारी हा भेद आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८० साली काढून टाकला. त्यानंतरच्या जगात वाढलेले मुंबईचे महेश माणगावकर. त्यांचा जन्म १९९४ चा. हे देशोदेशी स्पर्धा खेळत उपजीविका करणारे व्यावसायिक खेळाडू, आणि ते सांगताना आज कोणी मान खाली घालीत नाही. २०१४ साली इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते. त्यानंतरची एक आशियाई स्पर्धा चीनमधील हांगचौ येथे २०२३ साली झाली. अंतिम सामना पाकिस्तानशी. पहिला सामना माणगावकर हरले. दुसरा सौरव घोषाल यांनी जिंकला. तिसऱ्यात अभय सिंग यांच्यासमोर पेशावरचेच नूर जमान होते. शेवटचा डाव १२-१० असा सुटला आणि सुवर्ण भारताला मिळाले. हरलेल्याच्या गळ्यातही तेच पदक पडले, आणि ते योग्यच झाले, कारण संघ म्हणजे केवळ जिंकणाऱ्यांची बेरीज नव्हे.

तो दिवस ३० सप्टेंबरचा होता. ही तारीख किल्लारीच्या माणसाला समजावून द्यावी लागत नाही. १९९३ च्या त्या पहाटेला त्याच दिवशी बरोबर तीस वर्षे पूर्ण होत होती. दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध काही नाही, आणि मी तो जोडू इच्छीत नाही. इतकेच म्हणतो, की ज्या गावाने भिंती कोसळताना पाहिल्या आणि पुन्हा उभ्या केल्या, त्या गावाला भिंतीशी झुंजत पोट भरणाऱ्याचे मोल कळावयास हरकत नसावी.

त्यानंतर सोळा दिवसांनी, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॅशला प्रवेश दिला. ज्या शहरात १९४४ साली क्लबाचे नोकर एकमेकांशी झुंजले, त्याच शहरात हा निर्णय व्हावा, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल. मात्र तो न्याय पुरा व्हावयाचा, तर नव्या विजेत्यांचे हार गुंफताना एक फूल अब्दुल बारींच्या नावानेही ठेवले पाहिजे.