ताठलेला कणा

मुंबईत ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत पाठदुखीला दोनच नावं होती. म्हाताऱ्याची पाठ धरली तर वात, तरण्याची धरली तर क्षय. संशय वेडगळ नव्हता. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं, ऊन बेताचं. मणक्याचा क्षय कोणालाही होई. १९५२ साली आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध आलं. त्याआधी प्लास्टर आणि बिछाना यांवरच मुख्य भिस्त.

या संशयाआड तिसरा आजार दडून राहिला : अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. रशियात बेख्तेरेव्हने १८९३ साली, जर्मनीत स्ट्र्युम्पेलने १८९७ साली आणि फ्रान्समध्ये मारीने १८९८ साली त्याची वर्णनं लिहिली. माकडहाडाजवळच्या सांध्यांत दाह सुरू होतो, तो वर चढतो आणि मणके हाडानेच एकमेकांना सांधले जातात. एक्स-रेत पाठ बांबूसारखी दिसते. एचएलए-बी२७ या जनुकाशी त्याचं नातं कळलं ते १९७३ साली.

मला तो विशीत जडला. क्षयाच्या गोळ्या मिळाल्या, वर हुकूम : पडून राहा. आईनं महानारायण तेल चोळलं, निर्गुंडीचा शेक दिला. पहाटे नळाला पाणी आलं तरी मला उठवत नसे. मात्र कळशी घेऊन जिन्यावर चार खेपा झाल्या की पाठ सुटे. पुढे एका संधिवाततज्ज्ञांनी नेमकं हेच विचारलं, "विश्रांतीनं बरं वाटतं की हालचालीनं?" आजार तिथे सापडला. दाह कमी करणारं इंडोमेथासिन सुरू झालं आणि रोजचा व्यायाम.

व्यायामाची सोय जवळच होती. चर्नी रोडचा पूल ओलांडला की तारापोरवाला मत्स्यालयाशेजारी कैवल्यधाम या योगसंस्थेची शाखा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात ही संस्था काढली. योगक्रिया एक्स-रेखाली तपासण्याची त्यांची रीत. चर्नी रोडच्या शाखेत मी भुजंगासन आणि शलभासन शिकलो. झटका द्यायचा नाही, पण एक दिवसही चुकवायचा नाही.

२००३ पासून टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं या आजारासाठी मिळू लागली. ती देण्याआधी शरीरात सुप्त क्षय आहे का, हे तपासावंच लागतं, कारण तो उसळू शकतो. चाळीतला जुना संशय असा औषधाच्या चिठ्ठीवर परत आला.

घरातल्या तरण्या पोराची पाठ तीन महिने सकाळी आखडत असेल आणि हिंडल्यावर मोकळी होत असेल, तर त्याला झोपवून ठेवू नका, संधिवाततज्ज्ञाकडे न्या.