मळा आणि भिंत

कामात रमण्याविषयी बोलताना आपल्याला हटकून सावता माळी आठवतात. अरणचे, समाधी १२९५ ची. पंढरपूर काही फार लांब नाही, पण परंपरा सांगते, विठ्ठल त्यांना मळ्यातच भेटला. मग आपण लगेच म्हणून मोकळे होतो, काम हीच पूजा.

थांबा जरा. आजच्या त्याच सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याला, १३३८ मध्ये गावकुसाची भिंत बांधताना कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नाम त्यांच्याही मुखी होतंच की! माळीकाम तरी कुठं निवडलेलं होतं, असं कुणी विचारेल. खरं आहे. पण खुरपं कधी खाली ठेवायचं, हे सावतोबांच्या हातात होतं. चोखोबांच्या वाट्याला गावकी आली. बोलावलं की जायचं. आम्ही मात्र वर्गात वर्षानुवर्षं सावतोबाच शिकवले.